डोंगरउतारावरची धायटी

(मदतनीसांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते भंडारा जिल्ह्यातील निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक आहेत.)



मागच्या खेपेला मी आपल्याशी मोहाबद्दल बोललो होतो. त्याआधी ऐनाबद्दल, म्हणजे ज्याच्या पानावर कोशाचा किडा पोसतो त्या झाडाबद्दल. ती मोठी झाडे. त्यांची नावे घेतली की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे काही तरी उभे राहते. आज मी कमरेएवढ्या एका झुडपाबद्दल बोलणार आहे. याचे कारण असे, की या झुडपाच्या बाबतीत माझी एक चूक झालेली आहे, आणि ती चूक आपल्या देणगीच्या पैशाने झालेली आहे. म्हणून ती आपल्यापुढे सांगणे मला योग्य वाटते. पण आधी झुडपाची ओळख.

तुमसरकडून आंबागडच्या डोंगरांकडे जा, किंवा साकोली-लाखनीकडून गायखुरीच्या रांगेकडे जा. सपाटीवर धानाचे बांध आणि मालगुजारी तलाव. जरा वर चढले की माती संपते आणि खडक लागतो. हे आपल्या भागातले फार जुने खडक आहेत. त्यांच्या फटींत ओंजळभर माती असते. पावसाळ्यात त्या मातीतून पाणी धो धो वाहून जाते आणि मे महिन्यात तोच खडक हात लावू देत नाही. अशा जागी मोठे झाड तग धरत नाही. तिथे आपल्याला वाकलेल्या, लांब फांद्यांचे, राखाडी-हिरवट झुडूप दिसते. तीच धायटी. कोणी धावई म्हणतात, हिंदी बोलणारे धवई म्हणतात, संस्कृतात धातकी. शास्त्रीय नाव वुडफोर्डिया फ्रुटिकोसा. नावातला फरक एकदा लक्षात ठेवा : धावडा वेगळा आणि धायटी वेगळी. धावडा हे मोठे झाड, त्याचा डिंक आपण लाडवात घालतो. धायटीचे नाव तिच्या फुलासाठी आहे.

चांगली माती मिळाली तर हे झुडूप माणसाच्या डोक्यावर जाते. खडकावर मात्र ते कमरेपाशी किंवा खांद्यापाशीच थांबते. माती थोडी, वर शेळ्या, कुऱ्हाड आणि वणवा. जेवढे परवडते तेवढेच वाढायचे, असा त्याचा हिशेब आहे.

आता त्याचे पान हातात घ्या. देठ जवळजवळ नाहीच. पाने समोरासमोर, भाल्याच्या पात्यासारखी, टोकाकडे निमुळती. वरची बाजू हिरवी. पान उलटा आणि खालच्या बाजूवरून बोट फिरवा. मऊ लागेल, मखमलीसारखे. ती बारीक पांढरट लव आहे. कोवळ्या फांद्यांवरही तीच लव असते. त्या लवेत तिळापेक्षाही लहान काळे ठिपके दिसतात, त्या ग्रंथी आहेत. मुलांना मी सांगत असे, की पान ओळखायचे तर ते उलटून बघा. वरून सगळीच पाने सारखी दिसतात.

ही लव कशासाठी? पानाला श्वास घ्यायला खालच्या बाजूने बारीक छिद्रे असतात आणि त्याच छिद्रांतून पाण्याची वाफ निघून जाते. लव असली की पानाला लागून हवेचा एक थर अडकून राहतो, गरम वारा थेट छिद्रांवर घासत नाही आणि पाणी कमी उडते. आपण उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा गुंडाळून निघतो, तसेच हे आहे. डोंगरावर, खडकावर, कोरड्या वाऱ्यात राहणाऱ्या कितीतरी झुडपांनी जगभर हाच उपाय केलेला आहे. अंगावर लव, उंची कमी आणि मुळे खडकाच्या फटीत खोल.

माघ-फाल्गुनात धायटीची बरीचशी पाने झडतात आणि उघड्या फांद्यांवर फुले लागतात. फांदीच्या प्रत्येक पेऱ्यापाशी झुबके, लालभडक. दुरून पाहिले तर उताराला आग लागल्यासारखे वाटते. संस्कृतातल्या जुन्या वैद्यांनी हिला अग्निज्वाला आणि ताम्रपुष्पी अशीही नावे दिली आहेत.

या फुलात एक गंमत आहे आणि ती पुढच्या गोष्टीसाठी महत्त्वाची आहे. हा लाल रंग पाकळ्यांचा नाही. धायटीच्या पाकळ्या सहा असतात, पण त्या इतक्या बारीक की शोधाव्या लागतात. लाल दिसते ती फुलाची बाहेरची नळी, म्हणजे जिला आपण निदलपुंज म्हणतो ती. जरा वाकडी, नखाएवढी नळी, तिच्या तोंडातून बारा पुंकेसर बाहेर डोकावतात आणि तळाशी मध असतो. शिंजीर पक्षी आपली वाकडी चोच त्यात घालतो आणि मधमाश्याही येतात. पाकळ्या असत्या तर दोन दिवसांत गळून गेल्या असत्या. निदलपुंज गळत नाही. फुलाचे काम संपले, आत बोंड धरले, तरी ती लाल नळी बोंडाला धरूनच राहते. वाळल्यावरही रंग बराच टिकतो. म्हणूनच हे फूल वाळवून साठवता येते आणि विकता येते. पण याचा दुसरा अर्थ असा, की जो माणूस फूल खुडतो तो त्याच्या आतले बीही खुडतो. त्या बोंडात बारीक, तपकिरी बी असते, पुष्कळ असते, आणि उघड्या, उन्हाच्या जागी ते रुजते. सगळेच झुबके ओरबाडले तर त्या उतारावर नवे झुडूप येणार कुठून?

कुळाचे सांगतो. आपल्या हातावर रंगणारी मेंदी, घरचे डाळिंब, आपल्या राज्याचे फूल ताम्हण आणि आपल्या जंगलातला लेंडिया, ही सगळी धायटीची भावंडे आहेत. धायटीची सख्खी बहीण मात्र एकच, ती पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानाकडे राहते. आपली धायटी हिमालयाच्या पायथ्यापासून श्रीलंकेपर्यंत सापडते. म्हणजे ही काही दुर्मीळ वनस्पती नाही. दुर्मीळ नाही म्हणूनच तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते.

आता ती चूक.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आपल्या कामातून एका गोंड वस्तीजवळच्या उतारावर झाडे लावायचे ठरले. गावाचे नाव मी घेत नाही. हेतू चांगला होता : फळझाडे लावू, सावली होईल, चार वर्षांनी उत्पन्न येईल. मला वनस्पतिशास्त्राचा माणूस म्हणून जागा दाखवायला नेले. मी उतार पाहिला आणि म्हणालो, इथे काहीच नाही, नुसती झुडपे आहेत, ती साफ करून घ्या. माझ्या शब्दावर मजूर लावले. दोन दिवसांत उतार मोकळा झाला. खड्डे खणले, रोपे लावली, फोटो काढले. तो फोटो या पत्रिकेत छापूनही आला.

पहिल्याच पावसाळ्यात खड्ड्यांतली माती वाहून खालच्या बांधीत गेली. पुढच्या उन्हाळ्यात जगलेल्या रोपांना पाणी घालायला कोणी नव्हते, कारण लोक धान कापून नागपूरकडे कामाला गेले होते. दुसऱ्या वर्षाअखेर हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी रोपे उरली.

पण माझे डोळे उघडले ते यामुळे नाही. त्या फाल्गुनात मी वस्तीवर गेलो तेव्हा एका वयस्क बाईंनी मला ओसरीवर बसवले, पाणी दिले आणि सरळ विचारले, “मास्तर, तुमी आमची धायटी कायले तोडली?”

मी म्हणालो, बाई, ती नुसती झुडपे होती. त्या हसल्या. म्हणाल्या, “त्या झुडपाच्या फुलावर माह्या नातीची फी निंगत होती.”

मी तीस वर्षे मुलांना धायटीचे बारा पुंकेसर शिकवले होते. पण त्या उतारावरची धायटी कोणाची आहे, हे मी विचारले नव्हते.

मग मी नीट बसून ऐकले. आपल्या जिल्ह्यात दिवाळीनंतर धान निघते. पैसा हातात येतो आणि देणेकऱ्याकडे जातो. चैत्रात मोह पडतो, त्यानंतर तेंदूपत्ता येतो. या दोन्हींच्या मधले, धान संपून मोह पडेपर्यंतचे दिवस ओढगस्तीचे. नेमकी तेव्हा धायटी फुलते. तिला खत लागत नाही, पाणी लागत नाही, राखण लागत नाही. बाया सकाळी जातात, झुबके खुडतात, घरी आणून अंगणात पसरतात. ओले फूल पोतेभर असते, वाळले की त्याचे एक गाठोडे होते. ते गाठोडे आठवडी बाजारात जाते.

त्या बाईंनी मला आणखी एक प्रश्न विचारला. “फुलं तं आमी नेऊन देतो. पर तेचं करते काय?” आयुष्यभर त्या हे फूल विकत होत्या आणि पुढे त्याचे काय होते ते त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांना जे सांगितले तेच आपल्यालाही सांगतो.

औषधाच्या दुकानात आपण अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट, कुमार्यासव अशा बाटल्या पाहतो. ही औषधे उकळून थेट बाटलीत भरत नाहीत. काढा किंवा रस, त्यात गूळ किंवा साखर, आणि मग ते मिश्रण काही आठवडे आंबवतात. ते आंबवण्यासाठी त्यात धायटीची वाळलेली फुले टाकतात. फुलाच्या नळीत मध असतो, आणि त्या मधाबरोबर डोळ्यांना न दिसणारे किण्व, म्हणजे यीस्ट, तिथे वस्तीला असते. फूल वाळले तरी त्यातले काही जिवंत राहते. गुळाच्या पाण्यात पडले की ते जागे होते आणि साखरेचे मद्यार्क करू लागते. हे मद्यार्क औषधातले गुण उतरवून घेते आणि औषध टिकवून ठेवते. शिवाय फुलात टॅनिन भरपूर असते. तोंडात घातले तर जीभ आखडते, ते टॅनिनमुळे. याच टॅनिनमुळे पूर्वी या फुलांचा कातडे कमावण्यासाठी उपयोग होई, आणि रेशमासारखे कापड लाल रंगवायलाही ही फुले वापरत.

हे ऐकून त्या बाई काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजे हे दवाईचं फूल हाय. जळणाच्या भावात जाते.”

त्यांनी एका वाक्यात सांगितले ते मी जरा सोडवून सांगतो. भाव पडतो तो तीन जागी. एक, फूल अर्धवट वाळलेले असते, मातीवर पसरलेले असते, त्यात काड्या आणि पाने असतात. घेणारा तेवढे कारण सांगून दर पाडतो. दोन, वजन घेणाऱ्याच्या काट्यावर होते. तीन, घरात पैसा नसतो, त्यामुळे आज आणलेले आजच विकावे लागते. यातल्या एकाही गोष्टीवर रोप लावणे हा उपाय नाही.

आणि हक्काची बाजू. पुष्कळांना वाटते की जंगलातले फूल उचलणे म्हणजे चोरी. तसे नाही. आपला भंडारा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, त्यामुळे पेसा कायदा इथे लागू नाही. परंतु २००६ चा वनहक्क कायदा लागू आहे. त्या कायद्याने परंपरेने गोळा होत आलेल्या गौण वनउपजावर वनात राहणाऱ्या आदिवासींचा आणि इतर पारंपरिक वननिवासींचा मालकी हक्क मानला आहे : गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचाही. सामूहिक हक्काचा दावा ग्रामसभेतून करायचा असतो. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाने २००९ साली असा हक्क मिळवला आणि पुढे आपल्या बांबूचा व्यवहार स्वतः केला, हे आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. गौण वनउपजासाठी केंद्र सरकार जी किमान आधारभूत किंमत ठरवते, त्या यादीतही धायटीचे वाळलेले फूल आहे. आमच्या बायांना यातले काहीच ठाऊक नव्हते. अभयारण्याच्या हद्दीत नियम कडक आहेत, हे मात्र विसरू नये. कोका आणि नागझिऱ्याच्या लगतच्या गावांनी आधी वनविभागाशी बोलूनच काय ते करावे.

आता त्या साफ केलेल्या उताराचे काय झाले, ते सांगायचे राहिले. मी शिक्षक असूनही मला वाटले होते की धायटी गेली. मजुरांनी ती कुऱ्हाडीने तोडली होती, मुळे खणून काढली नव्हती. खडकाच्या फटीत गेलेली मुळे खणायची कोणाची छाती होती? दुसऱ्या पावसाळ्यात प्रत्येक खुंटातून चार-पाच लवदार कोंब वर आले. त्यानंतर एका उन्हाळ्यात वणवा आला. मोहाखालचा पालापाचोळा साफ करायला कोणी आग लावतात, ती हाताबाहेर जाते. सगळा उतार काळा झाला. पावसाळ्यात कोंब पुन्हा आले. चार वर्षांनी त्या उतारावर पुन्हा फूल आले.

मोशेने होरेब डोंगरावर पेटलेले, पण भस्म न होणारे झुडूप पाहिले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकलेली आहे. सीनाय पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सेंट कॅथरिनच्या मठात आजही एक काटेरी झुडूप यात्रेकरूंना दाखवतात. ते झुडूप वेगळे, आपली धायटी वेगळी. मी काही त्या दोघांची सांगड घालत नाही. मला त्या कथेतली एकच गोष्ट इथे आठवते : मोशे वाट सोडून ते झुडूप बघायला गेला, आणि तिथे त्याला पायातले जोडे काढायला सांगितले गेले. मी त्या उतारावर जोडे घालून गेलो होतो.

पण धायटी परत आली म्हणून आपण निश्चिंत राहू नये. मुळातून फुटणे ही जुन्या झुडपाची ताकद आहे. दरवर्षी वणवा लागला तर बियांतून आलेले कोवळे रोप मरते. जुने झुडूप कधी तरी थकते आणि त्याच्या जागी येणारे नवे नसते. मग उतार उघडा पडतो आणि माती खाली येते. ती माती ज्या तलावात जाते, त्याच तलावावर धानाची बांधी अवलंबून असते. म्हणजे वरच्या झुडपाचा आणि खालच्या भाताच्या घासाचा संबंध आहे.

गेली काही वर्षे त्या वस्तीतल्या बायांनी स्वतः ठरवून काही गोष्टी पाळल्या आहेत. फांदी तोडायची नाही, झुबका हाताने खुडायचा. प्रत्येक झुडपावरचे तीन झुबके घेतले तर एक ठेवायचा, तो शिंजिराचा, माशीचा आणि बियांचा. फूल मातीवर पसरायचे नाही, ताडपत्रीवर आणि शक्यतो सावलीत वाळवायचे. चाळून काड्या काढायच्या. सगळ्यांचे फूल एकत्र ठेवायचे, आपल्या काट्यावर तोलायचे, आणि दोन-तीन ठिकाणी भाव विचारून मगच विकायचे. यात मी काही शिकवले नाही. मी फक्त ते बी कुठे असते ते पान आणि फूल उघडून दाखवले. बाकीचे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होते.

एक सूचना आवर्जून करतो, कारण मी औषधाचे नाव काढले की लोक घरी प्रयोग करतात. पोट बिघडले की धायटीचे फूल ताकातून देण्याची जुनी रीत आहे. मोठ्या माणसाचे ठीक. पण लहान लेकराला जुलाब लागले तर आधी मीठ-साखरेचे पाणी द्या आणि आरोग्य केंद्र गाठा. फुलाच्या भरवशावर वेळ घालवू नका.

शेवटी आपल्याकडे काय मागायचे ते मागतो. आपण उदार आहात, हे मी अनेक वर्षे पाहतो आहे. नाताळात साड्या येतात, ब्लँकेटे येतात, रोपांसाठी पैसे येतात. त्याबद्दल आभार आहेतच. पण यंदा मी आपल्याकडे रोपे मागत नाही. मला ताडपत्र्या हव्या आहेत, चाळण्या हव्या आहेत, एक खात्रीचा काटा हवा आहे, आणि फूल महिनाभर कोरडे ठेवता येईल अशी एक खोली हवी आहे. तेवढा महिना थांबता आले तर भाव बायांच्या हातात येतो. आणि आपल्यापैकी जे वकील आहेत, जे शिक्षक आहेत, जे कचेरीत काम करतात, त्यांनी ग्रामसभेच्या दाव्याचे कागद भरायला एकेक शनिवार द्यावा. हे दान फोटोत दिसणार नाही. त्याची मला तरी आता खंत वाटत नाही.

आणि जेव्हा आपल्यापैकी कोणी चांगल्या हेतूने एखादा डोंगर, एखादा उतार, एखादी वस्ती पाहायला जाल आणि ‘इथे काहीच नाही’ असे म्हणावेसे वाटेल, तेव्हा तिथल्या बाईला आधी विचारा. ती आपल्याला पाणी देईल, ओसरीवर बसवेल आणि काय काय आहे ते सांगेल.

ती बाई आता नाही. तिची नात परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. गेल्या फाल्गुनात ती सुटीत घरी आली होती, आणि सकाळी आईबरोबर त्याच उतारावर फूल खुडायला गेली होती. मी खाली उभा राहून पाहत होतो. वर सगळा उतार लाल होता.

 परमेश्वर आपल्या हातांच्या कामाला यश देवो.